गुंता आधी सैल करायचा

४ ऑगस्ट, गाडीत

मनमाडला गाडी हलली तेव्हा दादाचा धाकटा खिडकीबरोबर धावत होता. "आत्या, येताना दिल्लीहून मांजा आण. बरेलीचा!" मी मान हलवली. आम्ही येवल्याची माणसं. घरात पैठणीचे दोन माग, आणि भोगी, संक्रांत, कर असे तिन्ही दिवस सगळं गाव गच्चीवर. रेशीम उकलायचं ते आसारी नावाच्या फिरकीवर आणि मांजा गुंडाळायचा तोही आसारीवरच. लहानपणी मला वाटायचं, जग दोऱ्यावरच चालतं.

त्याच रात्री

एकटीनं फिरायला लागून सहा वर्षं झाली. पहिला परदेश नेपाळ. चितवनच्या जंगलात हत्तीवर बसून गेंडा पाहिला, फोटो काढले, गावभर दाखवले. पुढे वाचनात आलं, की पाठीवर माणसं घ्यायला तयार व्हावा म्हणून हत्तीला लहानपणीच बांधून, मारून कसं नमवतात. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. पुसले नाहीत, पुसू नयेत असंच वाटतं. तेव्हापासून ठरवलं, प्राणी बघायला जायचं तर हाताला काम हवं. म्हणून या वेळी अठरा दिवस दिल्ली: सकाळी जखमी पक्ष्यांच्या केंद्रात सेवा, दुपारनंतर शहर.

६ ऑगस्ट

केंद्र उत्तर दिल्लीत, यमुनेच्या बाजूला. तीन खोल्या आणि गच्चीवर जाळीचं मोठं घर. आल्या आल्या तीन गोष्टी सांगितल्या. पक्ष्याशी बोलायचं नाही. त्याला नाव द्यायचं नाही. उगाच कुरवाळायचं नाही. माणसाला सरावलेली घार बाहेर टिकत नाही. इथे माया दाखवायची ती ट्रे धुऊन, रद्दी बदलून, मांसाचे तुकडे बारीक चिरून.

दुपारपर्यंत मी तेवढंच केलं. अंगाला वास येत होता. मेट्रोत बायकांच्या डब्यात शेजारची मुलगी जरा सरकून बसली. मला वाईट वाटलं नाही.

७ ऑगस्ट

आज घार हातात धरली. आधी टॉवेल डोक्यावर. अंधार झाला की ती शांत होते. मग पाय. चोचीला भ्यायचं नाही, नख्यांना भ्यायचं. पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास भरते, आणि तागडीवर ठेवली तर किलोभरसुद्धा नाही. एवढं मोठं दिसणारं पाखरू एवढं हलकं! हाताला लागतं ते फक्त काळीज, भराभर उडणारं.

आपल्या संतांनी घारीला आई म्हणून पाहिलं. मी आजवर तिला कोंबडीची पिल्लं पळवणारी म्हणूनच ओळखत होते.

९ ऑगस्ट, चांदणी चौक

लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिर. त्याच आवारात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय, १९२९ पासूनचं. पिंजऱ्यांच्या रांगा, बहुतेक कबुतरं. कुणाच्या पायाला पट्टी, कुणाच्या पंखाला हळदीसारखं पिवळं मलम. बरे झालेले पक्षी गच्चीवरून सोडून देतात. बाहेरच्या गर्दीतून एक हमाल खांद्यावरचं ओझं खाली ठेवून, मुठीत धरलेलं पारवं घेऊन आला. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही. पक्षी दिला, हात जोडले, ओझं उचललं आणि गेला.

इथला धर्म शाकाहाराचा. त्यामुळे मांस खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेत नाहीत.

९ ऑगस्ट, रात्री

केंद्रातल्या मुलांनी पुढची गोष्ट सांगितली. जुन्या दिल्लीतले दोन भाऊ, नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद. लहान वयात त्यांना जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या रुग्णालयात घेऊन गेले, पण मांसाहारी म्हणून तिला जागा मिळाली नाही. ती सल मनात राहिली. दोघांना व्यायामाचा नाद होता. स्नायू कुठून कुठे जातात ते शरीर कमावताना शिकलेले. तेवढ्या भांडवलावर त्यांनी घरीच घारींवर उपचार सुरू केले. हजारो पक्षी त्यांच्या हाताखालून गेले. शौनक सेन यांनी त्यांच्यावर 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट केला. २०२२ मध्ये त्याला सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत माहितीपटाचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकनही.

मला दोन्हीकडची माणसं मोठी वाटतात. दयेलाही हद्द असते. एकाची हद्द जिथे संपली तिथून दुसऱ्यानं आपलं अंगण आखलं.

१० ऑगस्ट, जामा मशिदीजवळ

संध्याकाळी आभाळात घारी गोल फिरत होत्या. मोजायला घेतल्या, साठापुढे हिशेब चुकला. खाली एक वयस्कर गृहस्थ कागदातले मांसाचे तुकडे एकेक करून वर फेकत होते. एकही तुकडा जमिनीवर पडला नाही. घार सूर मारते, पायानं झेलते, उडता उडताच मान वाकवून खाते. सदक्याची ही जुनी रीत आहे. घारीला घास घातला की आपल्यावरची बला टळते, अशी श्रद्धा. मी बघत उभी राहिलेली पाहून त्यांनी कागद माझ्यापुढे केला. मीही चार तुकडे फेकले. आई आजारी होती तेव्हा आजीनं कावळ्याला दहीभात ठेवला होता, ते आठवलं.

गिधाडं

केंद्रातल्या डॉक्टरांशी चहा पिताना विषय निघाला. दिल्लीत पूर्वी गिधाडं होती, जुन्या झाडांवर घरटी करायची. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. शहराची घाण उपसायला आता उरल्या घारी. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्यांचा दिवसभर राबता असतो. "ये भी गईं तो?" डॉक्टर म्हणाले, आणि कप ठेवून आत गेले.

१२ ऑगस्ट, पुराना किल्ला

किल्ल्याला लागूनच प्राणिसंग्रहालय, १९५९ सालचं. वाघापुढे गर्दी. मी तळ्याकाठी बसून राहिले. तिथल्या झाडांवर चित्रबलाक उतरू लागले होते. ते संग्रहालयाचे नाहीत, रानातले, मोकळे. दर पावसाळ्यात आपल्या मर्जीनं येतात, इथल्या झाडांवर घरटी करतात, पिल्लं उडती झाली की जातात. पिवळी चोच, शेपटीजवळ गुलाबी झाक. पैठणीच्या काठात असाच गुलाबी धरायला आमचे आण्णा तीन-तीनदा रंग बदलायचे.

पिंजऱ्यांच्या गावात मोकळ्या पक्ष्यांनी आपणहून घर करावं, याचा अर्थ मला नीट लागला नाही. पाणी आहे, झाडं आहेत, कुणी दगड मारत नाही. त्यांना एवढं पुरत असेल.

१३ ऑगस्ट, ओखला

यमुनेच्या बंधाऱ्यापाशी पक्षी अभयारण्य. हिवाळी पाहुण्यांना अजून वेळ आहे. जांभळ्या पाणकोंबड्या आणि बगळे भरपूर. नदीला वास येतो, तरी पक्षी तिला सोडत नाहीत.

जवळच नोएडाच्या गोल्फ कोर्सात एक स्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ ला जनरल लेकच्या इंग्रज फौजेनं दौलतराव शिंद्यांच्या सैन्याला इथेच हरवलं. पटपडगंजची लढाई. दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली ती त्या दिवशी. स्तंभ जिंकणाऱ्यांचा आहे. आपल्याकडच्या पडलेल्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. नदीकडे तोंड करून क्षणभर उभी राहिले.

१५ ऑगस्ट

आपल्याकडे पतंग संक्रांतीचा, इथे स्वातंत्र्यदिनाचा. सकाळी आठपासून गच्च्या भरल्या. ढगाळ हवा, रंगच रंग, पोरांचा आरडाओरडा. खरं सांगते, पाय शिवशिवले. एका गच्चीवरून कुणी हाक मारली असती तर गेले असते.

केंद्रात पहिला खोका साडेनऊला आला. मग थांबलेच नाहीत. बुटांचे खोके, फळांच्या पेट्या, रिक्षावाल्याच्या शर्टात गुंडाळलेला एक. दुपारी दोनपर्यंत ठेवायला जागा उरली नाही. घारी, कबुतरं, एक पिंगळा. बहुतेकांना एकच दुखणं: मांजा.

सात नंबरच्या पेटीतली घार माझ्यापुढे ठेवली. डाव्या पंखाभोवती आणि पायाभोवती नायलॉनचा दोरा. ती जितकी धडपडली होती तितका तो आत शिरला होता. पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो, तो फाटलेला. बरोबरचा मुलगा कात्री घेऊन टोक शोधत होता. मी म्हटलं, थांब.

मागावर गुंता झाला की आण्णा सांगायचे: टोक शोधू नकोस, गुंता आधी सैल कर. टोक ओढलं की गाठ बसते. मी सुईच्या बोथट बाजूनं एकेक वेढा पिसांखालून उचलत गेले, तो कात्रीनं कापत गेला. पाऊण तास. मधून मधून तिची तिसरी पापणी दुधी पडद्यासारखी डोळ्यावरून सरकायची. घार ओरडली नाही.

काढलेला दोरा मी मोजला. माझ्या हातानं अडीच वीत.

रात्री, झोप नाही

आम्हीही काच कुटायचो. जुन्या बाटल्या, फडक्यात बांधून, वरवंट्यानं. सरस, रंग, भात. गल्लीतल्या दोन खांबांना दोरा बांधून तिघं-तिघं मिळून काच चढवायचो. सगळ्यात धारदार मांजा आमच्या घरचा, याचा मला अभिमान होता. कापलेला पतंग कुठे गेला ते धावत जाऊन बघायचो. दोरा कुठे गेला, हे एकदाही बघितलं नाही.

१६ ऑगस्ट

डॉक्टरांनी सात नंबर शिवली. कंडरा तुटली नव्हती, म्हणून आशा आहे. ती तुटली की घार जगते, पण उडत नाही. विरघळणारा दोरा, अर्धगोल सुई, केसाएवढे टाके. मी नुसता टॉवेल धरून होते.

कालच्या पक्ष्यांपैकी अकरा रात्रीत गेले. खोके रिकामे करून, धुऊन उन्हात ठेवले. उद्या लागतील.

१८ ऑगस्ट, लाल कुआं

जुन्या दिल्लीतली पतंगांची बाजारपेठ. भाच्याच्या मांज्यासाठी गेले. जानेवारी २०१७ मध्ये दिल्ली सरकारनं नायलॉनचा, कृत्रिम धाग्याचा आणि काच लावलेलाही मांजा बंद केला. साध्या सुती दोऱ्यालाच परवानगी. त्याच जुलैत राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांज्यावर देशभर बंदी आणली. त्या वेळच्या नियमानं पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कायदा आहे. पेटी नंबर सातही आहे.

दुकानदार म्हातारे, बोटांवर जुन्या कापल्याच्या रेघा. म्हणाले, "नायलॉननं माझाही धंदा बुडवला, बेटी. सुती मांजा करणारे कारागीर किती उरलेत?" आमच्या गल्लीत यंत्रमागाच्या नकली पैठणीबद्दल हेच ऐकते मी. स्वस्त दोरा पहिला घाव घालतो तो कारागिरावर.

मांजा घेतला नाही. साध्या सुती दोऱ्याचं एक रीळ घेतलं.

पाहुण्या घारी

दिल्लीतल्या सगळ्याच घारी इथल्या नव्हेत. थंडीच्या सुरुवातीला मध्य आशियातून, कझाकस्तान-मंगोलियाकडून पाहुण्या येतात, हिमालय ओलांडून. संशोधकांनी पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांची वाट शोधली आहे. हजारो किलोमीटर, प्रत्येकीचा प्रवास आपापला. थंडी सरली की परत. माझ्यासारख्या एकटीनं फिरणारीला हे ऐकून बळ आलं. एवढा डोंगर ओलांडून आलेलं पाखरू गल्लीतल्या वीतभर दोऱ्यात अडकतं, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं.

२१ ऑगस्ट, शेवटचा दिवस

सात नंबर आता गच्चीवरच्या जाळीघरात आहे. पंख अर्धाच उघडते. पूर्ण उडायला किती आठवडे, सांगता येत नाही. मी निरोप घ्यायला वर गेले, जाळीबाहेरच थांबले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आभाळाकडे मान फिरवली. इथली माणसं याच खुणेची वाट बघतात. जाळीवर बाहेरून दोन घारी येऊन बसल्या होत्या. मुलं म्हणाली, त्या रोज येतात.

सुटलेली पाहायला मी नसेन. खाली येऊन ट्रे धुतले.

२२ ऑगस्ट, परतीच्या गाडीत

भाच्याचा फोन. "मांजा घेतला?"

"साधा दोरा घेतलाय. सुती."

"मग पेच कसे लावायचे, आत्या?"

मी त्याला पेटीची गोष्ट सांगितली. अडीच वीत दोऱ्याची, टाक्यांची, खोक्यांची. तो ऐकत होता, मधेच "मग?" म्हणत होता. शेवटी पुन्हा विचारलं, "पण पेच?"

खोटं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. म्हटलं, पेच नाहीत. कुणाचा सगळ्यात उंच जातो ते बघू. आणि करीच्या दुसऱ्या दिवशी तू आणि मी, लांब काठी घेऊन, गल्लीतल्या झाडांवरचा मांजा काढू.

"सगळ्या झाडांवरचा?"

"आधी आपल्या चिंचेवरचा."

तो गप्प झाला. मग म्हणाला, काठी त्याच्याकडे आहे, पण वरपर्यंत पोचणार नाही. दोन जोडाव्या लागतील.