सूक्ष्म कणांची मुदत

मुळशी तालुक्यातील नांदे आणि हिंजवडी या गावांच्या नावांवर आता भातखाचरांइतकाच औषधशास्त्राचाही हक्क पोचतो. नांद्याला ल्युपिन या औषधकंपनीचे संशोधन केंद्र उभे आहे, हिंजवडीला जेनोव्हाचे, आणि याच परिसरात औषधांच्या नॅनोकणांची निलंबने सिद्ध करण्यात माझे कार्यजीवन व्यतीत झाले आहे. पाण्यात न विरघळणारे औषध बीड मिलमध्ये झिर्कोनियाच्या मण्यांखाली दळून त्याचे 20 मायक्रोमीटरचे कण 200 नॅनोमीटरवर आणले, की त्याचे एकूण पृष्ठफळ शंभरपट होते आणि ते शरीरात त्वरेने विरघळू लागते. 2000 साली सिरोलिमसची गोळी याच तंत्राने बाजारात आली. परंतु पृष्ठफळ वाढविताना जी ऊर्जा आपण त्या कणांत साठवितो, ती त्यांना स्वस्थ बसू देत नाही.

कण एकमेकांना चिकटून गुठळी होणे, हा त्यातला परिचित धोका. त्यावर विद्युत्भाराच्या प्रतिकर्षणाची आणि पॉलॉक्झामर किंवा एच.पी.एम.सी. यांसारख्या बहुवारिकांच्या आवरणाची तजवीज करता येते. मला अधिक भय वाटते ते ओस्टवाल्डने वर्णिलेल्या कणवृद्धीचे, कारण तीत कणांची भेटही व्हावी लागत नाही: लहान कणाची विद्राव्यता मोठ्यापेक्षा किंचित अधिक, म्हणून तो झिजतो, आणि त्याचे द्रव्य पाण्यातून प्रवास करीत मोठ्या कणावर जाऊन बसते. वारंवार वितळून पुन्हा गोठलेल्या आइस्क्रीममध्ये बर्फाची जी खरखरीत कणी जिभेला लागते, ती बहुतांशी याच व्यापाराने घडलेली असते. तापमान चढले की लहान कण आधी विरघळतात, उतरले की ते द्रव्य मोठ्यांवर जमते. त्यामुळे वैशाखात ताम्हिणी घाट उतरून कोकणात औषधे नेणाऱ्या गाडीतले दुपारचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांचे फेरे, स्थैर्यपरीक्षेसाठी 40 अंशांवर अखंड ठेवलेल्या कपाटाहूनही कित्येकदा अधिक घातक ठरतात. दुर्दैवाने सहा महिन्यांच्या त्या कपाटावर आपली मोठी भिस्त असते.

पाणीच काढून टाकले तर कणांचे दळणवळण थांबते. याच मार्गाने गेलेल्या जेनोव्हाच्या कोविडवरील एम-आर.एन.ए. लशीला जून 2022 मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, आणि गोठवून वाळविलेल्या रूपामुळे ती 2 ते 8 अंशांच्या साध्या शीतकपाटात राहू शकली, जेव्हा तशाच परदेशी लशींना उणे 20 किंवा उणे 70 अंशांची गरज पडत होती, याचा मला या तालुक्याचा रहिवासी म्हणून मनस्वी अभिमान वाटतो. तथापि गोठविणे हीदेखील कणांवर आलेली आपत्तीच असते: वाढते बर्फ त्यांना उरलेल्या द्रवाच्या अरुंद फटींत लोटून एकमेकांवर दाबते, आणि साखर किंवा ट्रेहॅलोज काचेसारखे घट्ट होऊन त्यांच्यामध्ये उभे राहिले, तरच पाणी घालताच ते पूर्ववत् सुटे होतात.

याकरिता स्थैर्यपरीक्षेच्या दप्तरात चढत्या-उतरत्या तापमानाच्या फेऱ्यांनंतर आणि पाणी घालून कण पुन्हा सुटे केल्यानंतर मोजलेला कणाकार मी आवर्जून मागतो, आणि तो नसेल तर औषधाच्या मुदतीच्या कागदावर सही करीत नाही.