पौळीतली

पाटणच्या आमच्या घरात तिला नाव असं कुणी दिलं नाही. सगळे ‘पौळीतली’ म्हणत. न्हाणीच्या मागं दगडांची कोरडी पौळ आहे, तिच्या तळाशी दोन दगडांच्या सांदीत तिचं बीळ होतं. अंगठा जाईल एवढं भोक आणि त्याच्या तोंडाशी रेशमाचा पांढरट पडदा. दिवसा तिथं कुणी राहत असेल असं वाटायचंही नाही. रात्री परड्यातला दिवा मालवला की त्या पडद्यावर आधी दोन पाय यायचे, थोड्या वेळानं आणखी दोन. तपकिरी, दाट केसांचे. पाय पसरून बसली तर माणसाचा तळहात भरला असता.

ती पौळ १९६७ सालची. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात घराची मागची भिंत पडली. आजोबांनी भिंत पुन्हा उभी केली आणि उरलेले दगड मागं नुसते रचून ठेवले. मातीगारा नाही, सिमेंट तर नाहीच. त्या पोकळ्यांमध्ये पुढं सरडे आले, विंचू आले, बेडूक आले. ती कधी आली ते कुणालाच ठाऊक नाही. अशा कोळ्यांच्या माद्या दहा-पंधरा वर्षं सहज जगतात, कधी त्याहून जास्त. माणसांना पत्ता लागण्याआधी तिची कितीतरी वर्षं तिथं गेली असणार.

पत्ता लागला तो मृगाच्या पहिल्या सरी आल्या तेव्हा. वहिनी पौळीला लावलेल्या हुडव्यातून शेणी काढत होती. एक शेणी उचलली आणि मागं ही उभी. पुढचे चारही पाय वर, अंग मागं कललेलं, खालचे काळे सुळे उघडे. वहिनीच्या ओरडण्यानं शेजारचे जमले. भाऊ रॉकेलचा डबा घेऊन आला. मी तेव्हा कऱ्हाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि सुट्टीला घरी आले होते, पण त्या घडीला माझं शास्त्र कुणी ऐकून घेतलं नसतं. ऐकलं ते आईचं. आई म्हणाली, “उभी राह्यली न्हवं? मग चावली का? तू तिच्या दारात हात घातलास, ती तुझ्या दारात आली न्हाय.” वहिनीनं हुडवा दुसऱ्या बाजूला हलवला. रॉकेल परत न्हाणीच्या फळीवर गेलं.

आईच्या बोलण्यात जे होतं तेच मी पुढं वर्षानुवर्षं त्या बिळासमोर बसून पाहिलं. तिचं उभं राहणं ही हल्ल्याची सुरुवात नव्हती, पळायला जागा उरली नाही तेव्हाची ती पायरी होती. खालच्या पायऱ्या माणसाला दिसत नाहीत, कारण तो फार जवळ आणि फार घाईनं आलेला असतो. सगळ्यांत आधी ती जागच्या जागी थिजायची. मग सरकून आत जायची, आणि नव्वद टक्के वेळा गोष्ट तिथंच संपायची. बिळाचं तोंड अडलं किंवा ती पडद्यापासून लांब असली, तरच पाय वर जायचे. त्यानंतर आवाज. होय, हे कोळी आवाज करतात. जबडा आणि त्याच्या शेजारचा अवयव यांच्या एकमेकांकडच्या अंगाला ताठ केसांच्या ओळी असतात, त्या एकमेकींवर घासल्या की फुत्कारासारखं ऐकू येतं. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जेम्स वुड-मेसन यांनी आसामातल्या अशाच एका कोळ्याचा आवाज १८७०च्या दशकातच नोंदवून ठेवला आहे. कोळ्याला स्वतःला कान नाहीत. तो आवाज मुंगसासाठी, मांजरासाठी, आपल्यासाठी आहे. एवढ्यानंही भागलं नाही तर पुढचे पाय जमिनीवर आपटणं, आणि चावा अगदी शेवटी.

अमेरिका खंडातल्या त्यांच्या भाऊबंदांकडं आणखी एक शस्त्र असतं. पोटावरचे बारीक काटेरी केस ते मागच्या पायांनी झाडून हवेत उडवतात. आपल्याकडच्यांना तसे केस नाहीत. म्हणून ते उभे लवकर राहतात, हलतात विजेच्या वेगानं, आणि चावले तर दुखणंही जास्त असतं. आपल्या झाडांवर राहणाऱ्या पोसिलोथेरिया वंशाच्या कोळ्यांच्या चाव्यानं स्नायूंत पेटके येतात, कधी काही दिवसांनी पुन्हा उठतात. माणूस दगावल्याची खात्रीची नोंद मात्र कुठं नाही. चावा धुवावा, वेदनेवर औषध घ्यावं, पेटके आले तर दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरची लस इथं उपयोगाची नाही, ती मागू नये. आमच्याकडं अंगावर फोड उठले की ‘कोळी मुतला’ म्हणतात. ती बहुतेक वेळा नागीण असते, नाहीतर दिव्यावर येणाऱ्या एका चिमुकल्या किड्याच्या रसानं भाजलेलं असतं. कोळ्याचा त्यात काही संबंध नाही, पण मार त्यालाच बसतो.

माझा भाचा मोठा झाला तसा तिचा खरा राखणदार तोच झाला. सुरुवातीला त्याला तिचं उभं राहणंच हवं असायचं. गवताची काडी घेऊन तो पडदा टोचायचा आणि ती उठली की हरखायचा. मी त्याला काडी टाकून नुसता श्वास सोडायला सांगितलं. त्यानं हातभर अंतरावरून हळूच फुंकर घातली आणि ती काडीपेक्षा जोरात उठली. तिच्या पायांवरचे लांब केस हवेची झुळूक टिपतात. आठ डोळे असूनही तिला नीट दिसत नाही, सगळं जग तिला थरथरीतून कळतं. ऊन श्वासाची झुळूक म्हणजे तोंडाशी आलेलं जनावर. तेव्हापासून भाचा तोंडावर रुमाल बांधून, अनवाणी, टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून बसायला लागला. पावसाळा संपेतो ती त्याच्यासमोर झुरळ धरायची, रातकिडे धरायची, आणि पाय वर करायची नाही. मला ते त्याच्या शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं, आणि मी तसं त्याला सांगितलंही.

मग त्यानं हट्ट धरला की तिला काचेच्या पेटीत ठेवू. परदेशातली माणसं ठेवतात, त्याचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. मी त्याला आंध्रातल्या निळ्या कोळ्याची गोष्ट सांगितली. पोकॉक या अभ्यासकानं १८९९ साली गुत्तीजवळच्या एका नमुन्यावरून त्याची नोंद केली, मग शंभरेक वर्षं शास्त्राला तो सापडला नाही. २००१च्या सुमारास नंद्याळ आणि गिद्दलूरमधल्या जंगलात पुन्हा मिळाला. आज जंगलात तो फार थोडा उरला आहे, आणि युरोप-अमेरिकेतल्या घराघरांत काचेमागं बसलेला आहे. २०१९ साली त्याच्या सगळ्या वंशाचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानं नियंत्रणाखाली आणला. परदेशात पेटीत वाढवलेली पिल्लं पेटीत ठेवणारे निष्ठेनं ठेवत असतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण पौळीतून मादी काढणं म्हणजे त्या भागातली पुढची कित्येक वर्षांची पिल्लं काढून नेणं. शिवाय पेटीतली मादी सतत उभी राहते ती याचमुळं, तिला मागं सरकायला बीळ नसतं. नव्या माणसानं कोळी पाळायचाच झाला तर आधी त्याला खोल माती द्यावी, लपायला जागा द्यावी आणि हात लांब ठेवावा. तेवढ्यानं निम्मा राग जातो. भाच्याला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

तिची जात कोणती याचा शोध अर्ध्यावरच राहिला. कोळ्यांवर काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला फोटो पाठवले होते. वंश कायलोब्रॅकिस दिसतो, पण फोटोवरून जात सांगता येणार नाही, असं त्यानं कळवलं. जात सांगायला तिला मारून भिंगाखाली धरावं लागलं असतं.

एका वर्षी तिनं बिळाचं तोंड रेशमानं लिंपून घेतलं. आम्हाला वाटलं कात टाकते आहे. कात टाकताना हे कोळी पाठीवर उलटे पडतात, नवे सुळे पांढरे आणि मऊ असतात, तेव्हा त्यांच्याकडं बघूसुद्धा नये. पण या खेपेला तोंड उघडलं तेव्हा तिच्याजवळ अंड्यांची पुडी होती, सुपारीहून मोठी. त्या दिवसांतली ती वेगळीच होती. थिजणं नाही, आत सरकणं नाही, लाल उजेड पडायचा अवकाश की पाय वर आणि फुत्कार. भाचा घाबरला. मी त्याला म्हटलं, आता आपण यायचंच नाही. बऱ्याच रात्री आम्ही मागं दिवा लावला नाही, न्हाणीत जायचं तर अंधारात जायचो, आणि वहिनीनंही कुरकुर न करता ते पाळलं. पुढं एका रात्री पडद्यावर मुगाच्या दाण्याएवढी पिल्लं दिसली, तिच्या पायांमधून फिरणारी. काही आठवड्यांनी ती पौळभर पांगली.

तिचा शेवट दिवसाउजेडी झाला. लांब पायांची, काळी, तांबूस पंखांची एक मोठी गांधीलमाशी पौळीवर पंख फडफडवत चालत होती. हेमिपेप्सिस वंशातली. या माश्या कोळ्याला शोधत बिळात शिरतात, खालच्या बाजूच्या मऊ जागी डंख मारून लुळा करतात आणि त्याच्यावर एकच अंडं घालतात. अळी त्या जिवंत अंगावर वाढते. पाय वर करणं माणसाला, मांजराला थोपवतं, पण या माशीला तेच हवं असतं, कारण त्यानं डंखाची जागा उघडी पडते. भाच्यानं पाहिलं तेव्हा माशी तिला मागं चालत ओढून नेत होती. त्यानं चप्पल उचलली. मी त्याचा हात धरला. ती माशीही या परड्यातलीच, एवढंच मी म्हणू शकले, आणि तो त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. मीही रात्री जेवले नाही.

आता पावसाळ्याच्या अखेरीस पाटणातल्या कुठल्या ना कुठल्या घरातून भाच्याला बोलावणं येतं. असे मोठे कोळी घरात येतात ते बहुतेक नर असतात, बारीक अंगाचे, लांब पायांचे, मादीच्या शोधात निघालेले. शेवटची कात टाकल्यावर नराचं आयुष्य फार तर वर्षभराचं. माणसं झाडू घेऊन उभी असतात आणि नर कोपऱ्यात पाय वर करून. भाचा आधी सगळ्यांना मागं सरकवतो, पंखा बंद करायला लावतो, आणि नर पाय खाली टेकवेपर्यंत नुसता बसून राहतो. मग वरून पारदर्शक डबा ठेवतो आणि खालून जाड पुठ्ठा हळूहळू सरकवतो, पाय चेंगरू न देता. डबा उंच उचलत नाही, कारण हातभर उंचीवरून पडला तरी पोट फुटून कोळी मरू शकतो. केरा नदीच्या बाजूला आमच्या शेताचा दगडी बांध आहे, तिथं नेऊन पुठ्ठा काढून घेतो. कुणी विचारलं की हा चावला तर, तर तो सांगतो, डबा हळू ठेवला की प्रश्नच येत नाही.