बर्लिनला जाताय? मग कोपऱ्यावरचा डोनर खाऊन बघा

बर्लिनला गेलात तर क्रॉइत्सबर्ग भागातल्या कोटबुसर टोर स्टेशनबाहेर पाच मिनिटं नुसते उभे राहा. उभ्या सळईवर फिरणारं मांस, लांब सुरीने उतरणारे पातळ काप आणि कागदात गुंडाळलेला गरम पाव घेऊन घरी निघालेली माणसं दिसतील. हाच डोनर कबाब. तुर्की भाषेत डोनर म्हणजे फिरणारा.

1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार पश्चिम जर्मनीत आले. कादिर नूरमान यांनी 1972 मध्ये झू स्टेशनजवळ पावात भरलेला डोनर पहिल्यांदा विकला, असं सांगतात.

आता गिऱ्हाइकांचं मत ऐका. कुणाला पाव खरपूस हवा, कुणाला लसणाचा सॉस जास्त. पण सगळ्यांची तक्रार एकच, दराची! कधीकाळी तीन-चार युरोंत मिळणारा डोनर आता बऱ्याच ठिकाणी सातच्या आसपास गेलाय. विद्यार्थ्यांचं हे पोटभर जेवण, म्हणून तरुणांनी तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्ट्झ यांनाही याबद्दल विचारलं होतं. दुकानदार तरी काय करणार? मांस, वीज, भाडं, सगळंच महागलंय.

तुम्ही घेताना एक लक्षात ठेवा. मांस बहुधा गाय-वासराचं किंवा कोंबडीचं असतं, म्हणून आधी विचारा. शाकाहारी असाल तर फलाफल किंवा हलूमी चीजचा मागा. आणि ‘शार्फ?’ असं विचारलं तर बिनधास्त हो म्हणा. म्हणजे तिखट हवंय का! आपल्या जिभेला ते सोसतं.