खुंटीवरचा पट्टा

आबा सकाळी जागे झाले तरी लगेच उठत नसत. खाटेवर उताणे पडून, दोन्ही गुडघे वर घेऊन, धोतराच्या आत हात घालून उजव्या जांघेत बोटांनी हळूहळू दाबत राहायचे. मध्येच 'गुडुक' असा आवाज यायचा. मग माझ्या नावाने हाक, खुंटीवरचा पट्टा दे म्हणून. चामड्यात शिवलेली पोलादी पट्टी, अर्ध्या कमरेला कवेत घेणारी, आणि तिच्या टोकाला आंब्याच्या कोयीएवढी टणक गादी. गादी नेमक्या जागेवर बसवून बक्कल लावलं की आबा उठायचे आणि गिरणी सुरू करायला जायचे. पिठाची गिरणी होती आमची, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात. दिवसभर गव्हाबाजरीच्या गोण्या उचलणं हेच काम.

"आबा काय बांधतात गं?" असं एकदा आजीला विचारलं, तर म्हणाली, "कंबर धरते त्यांची." गुडघा दुखला की त्याची ओसरीवर साग्रसंगीत चर्चा व्हायची. जांघेचं दुखणं मात्र घरातल्या घरात कमरेच्या खात्यावर टाकलेलं. अंतर्गळ हा शब्द माझ्या कानांवर पडला तो १९७४ च्या पावसाळ्यात.

त्या दिवशी पट्टा न बांधताच आबा गिरणीत गेले होते. संध्याकाळी गाठ बाहेर आली ती आत जाईना. रात्री दगडासारखी घट्ट झाली, उलट्या सुरू झाल्या. कोणी म्हणे शेक द्या, कोणी म्हणे सकाळपर्यंत बघू. वडिलांनी कोणाचं ऐकलं नाही. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडी टाकून त्यांना धुळ्याला नेलं. आतडं अडकून पिळलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते काळं पडायला लागतं, हे आम्हाला तिथे कळलं. आबांचं पडलं नव्हतं. ऑपरेशन झालं. घरी आल्यावर जखम भरली, आणि भरल्या जखमेवरही ते कितीतरी महिने सवयीने पट्टा बांधत राहिले.

लाज वाटावी असं आबांनी काहीच केलं नव्हतं. मुलगा आईच्या पोटात असताना त्याची वृषणं पोटातून खाली उतरतात. त्यांची वाट जांघेतल्या चारेक सेंटिमीटरच्या बोगद्यातून जाते, आणि भिंतीतली ती जागा जन्मभर कच्ची राहते. ओझी, जुनाट खोकला, शौचाला कुंथणं, किंवा नुसतं वय. दर चार पुरुषांमागे एकाला हे आयुष्यात कधी ना कधी होतं म्हणतात. पट्टा ते भोक बुजवत नाही, नुसतं दार लोटून धरतो.

पुढे वडिलांनाही तेच झालं. त्यांचं ऑपरेशन १९८६ चं. इटलीतल्या पादुआच्या बासिनी नावाच्या सर्जनने १८८४ मध्ये सुरू केलेली रीत तेव्हाही आपल्याकडे सर्रास चालत होती: सैल पडलेला स्नायू खाली ओढून टाक्यांनी बांधून टाकायचा. तोकड्या कापडाची शिवण ताणून घालावी तसं. वडील आठ दिवस दवाखान्यात होते, पुढे तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. दोन वर्षांत ताण पडून शिवण उसवली आणि गाठ परत आली. "आता नको," म्हणाले, आणि आबांच्या खुंटीवरून पट्टा काढून घेतला.

माझी पाळी आली २०१९ मध्ये. आली त्याआधी दोन वर्षं, खरं सांगायचं तर. शिकलेला, शहरात राहणारा, पण पँटच्या खिशात हात घालून आतून गाठ दाबत मी बँकेत उभा राहायचो. बायकोने ते हेरलं. डॉक्टरांनी उभं करून खोकायला लावलं आणि अर्ध्या मिनिटात निदान केलं. त्रास नसता तर लक्ष ठेवून थांबताही आलं असतं, म्हणाले. मला दुखत होतं. अंतर्गळ एकाच बाजूचा आणि पहिल्यांदाच झालेला असेल तर पाठीत सुई देऊन उघडं ऑपरेशन करा नाहीतर दुर्बिणीतून, दोन्ही चालतं. दोन्ही बाजूंना असेल किंवा परत आलेला असेल तर दुर्बीण बरी, पण तिला सहसा पूर्ण भूल लागते. मी पाठीतली सुई घेतली. आता स्नायू ओढत नाहीत, वरून जाळीचं ठिगळ लावतात. अमेरिकेतल्या लिख्टेनस्टाइनने १९८० च्या दशकात ही रीत रूढ केली. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांची रीत आणखी निराळी: पोटाच्याच स्नायूआवरणाची पट्टी वापरायची, बाहेरचं काही आत ठेवायचंच नाही.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "जाळी देशी टाकायची की इम्पोर्टेड?" बाथरूमच्या फरशा निवडाव्यात तसं. भावांत कितीतरी पटींचा फरक. मला एकदम आमच्याजवळचं दोंडाईचा आठवलं. मिरचीच्या बाजाराचं गाव. तिथल्या डॉ. टोणगावकरांनी महागडी जाळी न परवडणाऱ्यांसाठी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. त्यावरचा बहुकेंद्री अभ्यास २००३ मध्ये छापून आला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर तुलना झाली, आणि वर्षभरानंतर मच्छरदाणी महागड्या जाळीहून कुठेही उणी ठरली नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मी देशी सांगितली. मुलाचा चेहरा जरा पडला.

त्याच संध्याकाळी चाललो, दुसऱ्या दिवशी घरी. लघवी सुटेपर्यंतचे चार तास सोडले तर ऑपरेशन काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र खालचं सगळं सुजून वांग्यासारखं जांभळं झालं. हे होऊ शकतं असं कोणीही सांगितलं नव्हतं. रात्री अकराला फोन केला तर तिकडून जांभई देत उत्तर आलं, "होतं तसं." होतं, आणि आठ-दहा दिवसांत ओसरतंही. पण एका वाक्याने माझी ती रात्र वाचली असती. खोकताना उशी दाबून धरायची, रोज रात्री इसबगोल घ्यायचं, हसवणाऱ्या मित्रांना पंधरा दिवस घरी येऊ द्यायचं नाही. बाराव्या दिवशी बँकेत गेलो, दीड महिन्याने गॅसचं सिलिंडर सरकवलं. जखमेखाली रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे.

गेल्या रविवारी जेवताना मुलगा भाजी वाढून घेत म्हणाला, "बाबा, मला जांघेत गाठ येतेय. खोकलं की बाहेर येते." ताटावर त्याची आई होती, बहीण होती, माझी आईही होती. आईने भाकरी मोडता मोडता विचारलं, "उजवीकडे का रे?"

"डावीकडे."

गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे.