नाजूक प्रकृति

माझ्या धाकट्या जावेला जिना चढतांना धाप लागे; घरांत तिला ‘नाजूक प्रकृतीची’ म्हणत. रक्त तपासलें तों हिमोग्लोबिन ७ ग्रॅम! स्त्रियांत तें १२ तरी असावें. लोहाच्या गोळ्यांनीं तिचें पोट बिघडे, म्हणून डॉक्टरांनीं शिरेवाटे १००० मिलिग्रॅम लोह दिलें. सलाईन अर्ध्या तासांत संपलें. रक्त भरून येण्यास मात्र कांहीं आठवडे लागतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इतक्या साऱ्याच नाजूक?

जावेचें मूळ दुखणें निराळेंच निघालें. दर महिन्यास दहा-दहा दिवस रक्त जाई. डॉक्टरीणबाईंनीं विचारीपर्यंत तिनें तें कोणाजवळ काढलें नव्हतें. त्यावरहि उपचार चालू आहेत. सासूबाईंनीं आतां आम्हां सर्व सुनांचीं रक्तें तपासावयास धाडलीं आहेत, आणि त्यांत स्वतःचेंहि.