नारळ

मराठी भाषेत नारळाइतके दुटप्पी फळ दुसरे नसेल. देवापुढे फुटतो तो नारळ, सुवासिनीच्या ओटीत पडतो तोही नारळ. सभेत शालीबरोबर हाती आला, की त्याचे 'श्रीफळ' होते. आणि एखाद्याची नोकरी गेली, की लोक म्हणतात, 'त्याला नारळ दिला.' म्हणजे शाल बरोबर असली तर सत्कार, नसली तर बडतर्फी! मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वाक्प्रचारांच्या तासाला हा वाक्प्रचार आला, की मुले हमखास हसतात. मला मात्र वाटते, की घालवायचेच आहे तर निदान रिकाम्या हाताने घालवू नये, एवढी माणुसकी त्यात असावी. हल्ली तेवढीही नसते. संगणकावर एक पत्र येते आणि संध्याकाळपर्यंत गळ्यातले ओळखपत्र काढून घेतात.

या बाबतीत आपल्या भाषेने मोठा संयम पाळला आहे. पाणी कमी आले तर पाणीकपात, वीज कमी पडली तर वीजकपात आणि माणसे कमी केली तर नोकरकपात. जणू माणसेही धरणातून येतात आणि पाऊस पडला की पुन्हा भरतात! 'टाळेबंदी' हा शब्द कारखान्याच्या फाटकापुरता होता. २०२० सालच्या मार्चमध्ये तो साऱ्या देशाला लागला. आणि 'ताळेबंद' पाहावा, तर त्यात नफा-तोटा, येणे-देणे सगळे असते. कमी केलेल्या माणसांच्या घरी त्या रात्री काय शिजले, याला मात्र त्यात रकाना नसतो.

आमच्या घरी ही कपात २००९ च्या जानेवारीत आली. अमेरिकेत १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स नावाची पेढी बुडाली, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. परंतु न्यूयॉर्कला बुडालेल्या पेढीचे पाणी पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढेल, असे कसे वाटावे? पण ते चढले. तिकडच्या लोकांनी खरेदी आखडली. इकडे ऑक्टोबरपासून निर्यात घसरली. सुरतेला हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर घंट्या बंद करून सौराष्ट्रातल्या आपापल्या गावी परतू लागले. आमचे हे ज्या कारखान्यात होते, त्याचे सुटे भागही परदेशीच जात. एका शुक्रवारी त्यांच्यासह बऱ्याच जणांना उद्यापासून न येण्यास सांगितले.

तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात झालेल्या कामगाराला नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळण्याची तरतूद होती. पण ती कामगाराला. ह्यांना दोनच वर्षांपूर्वी 'सहायक व्यवस्थापक' केले होते आणि कामही माणसांवर देखरेखीचे होते. त्यामुळे कायद्याच्या लेखी हे कामगार नव्हेतच. ज्या हुद्द्याचे पेढे आम्ही चाळीस घरी वाटले होते, तो असा महागात पडला. माझी नोकरी तेव्हा तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे. सुट्टी लागली, की पैशालाही सुट्टी. घराच्या कर्जाच्या हप्त्याला मात्र सुट्टी ठाऊक नव्हती.

पहिल्याच रात्री ह्यांनी आपला बेत सांगितला. कोणाला कळवायचे नाही. सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचे, दिवस वाचनालयात किंवा संभाजी बागेत काढायचा आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी यायचे. मला हे पटत नव्हते. पण ज्याचा मान दुखावला आहे, त्याच्याशी त्याच रात्री वाद काय घालायचा? मी गप्प राहिले. आणि रविवारी लालबागहून माझी मामी आली.

मामीविषयी थोडे सांगायला हवे. मामा गिरणीत साचेखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, तेव्हा मी पाळण्यातून नुकतीच उतरले होते; पण ती कथा मी इतक्यांदा ऐकली आहे, की पाहिल्यासारखीच वाटते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही; तो विरत गेला, आणि लाखाहून अधिक माणसे गिरणीच्या दाराबाहेरच राहिली. संप वेगळा आणि मंदी वेगळी, हे मला कळते. तिथे माणूस स्वतः बाहेर पडतो, इथे त्याला बाहेर काढतात. शिवाय जुनी यंत्रे आणि भिवंडीचे यंत्रमाग यांनी गिरण्यांची घडी संपाआधीच विस्कटत आणली होती. पण सकाळी भोंगा वाजत नाही आणि चूल मात्र वेळेवर पेटवावी लागते, ही अवस्था दोन्हीकडे सारखीच.

मामीची खानावळ होती. गिरणगावात कोकणातून आलेल्या एकट्या माणसांना जेवू घालणाऱ्या अशा कितीतरी बाया होत्या. याच बायांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. या खानावळींचा सारा व्यवहार महिन्याच्या पगारावर. पगार थांबला, की आधी खानावळीची वही फुगते. मामीचे निम्मे जेवणारे गावी निघून गेले, उरलेल्यांचे पैसे वहीत राहिले.

तर ही मामी आली, चहा प्याली आणि ह्यांचा बेत शांतपणे ऐकून म्हणाली, "जावईबापू, वाण्याला सांगितलंत का?"

ह्यांना प्रश्नच समजला नाही. "वाण्याला कशाला?"

"संप लागला त्या संध्याकाळी आमचे हे आधी वाण्याकडे गेले. म्हणाले, शेठ, गिरणी बंद झाली, कधी उघडेल ठाऊक नाही. तांदूळ आणि तेल उधार लागेल, बाकी काही मागणार नाही. शेजारच्या खोलीतल्यांनी लपवलं. चार महिने उसनं आणून पहिल्यासारखंच चालवलं. वाण्याला कळलं तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला फसवलं. त्यांना मीठसुद्धा रोखीनं घ्यावं लागलं. अहो, तंगी लपवली की तिला व्याज चढतं."

अर्थशास्त्र मला फारसे येत नाही. पण सबंध मंदीत याहून शहाणपणाचे वाक्य माझ्या कानी पडले नाही. ह्यांच्या डब्याचा बेत तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेले आणि हप्ता चुकायच्या आत परिस्थिती सांगितली. कर्जाची मुदत वाढली, हप्ता उतरला. व्याज एकूण जास्त गेले, पण घर राहिले. मुलीच्या शाळेत मी सांगितले. फी चार भागांत भरायची सोय झाली. मग बिल्डिंगमध्ये सांगितले. आता येथे सारे शेजारी मदतीला धावले, असे लिहिता आले असते तर दिवाळीच्या अंकाला शोभले असते. तसे झाले नाही. काहींनी बोलणे कमी केले; नोकरी जाणे हे जणू कांजिण्यांसारखे लागते! एका काकूंनी हळदीकुंकवाला माझ्या बांगड्या निरखून पाहिल्या. पण तळमजल्यावरच्या आजोबांच्या जावयाचे भोसरीला छोटे वर्कशॉप होते. त्याला आठवड्यातून तीन दिवस हिशेब आणि मालाची नोंद ठेवणारा माणूस हवा होता. डबा घेऊन बागेत बसलेल्या माणसाला हे काम कोणी कसे सांगितले असते? पूर्ण वेळची नोकरी मिळायला अकरा महिने लागले, आणि पगार पहिल्याच्या दोन-तृतीयांश.

त्या अकरा महिन्यांत मला मंदीचे यंत्रही थोडेसे कळले. आम्ही मोलकरणीला दोन महिने थांबायला सांगावे, असे मनात आले. हिशेबाला ते ठीकच होते. पण मग तिच्या घरी आमच्यासारखाच शुक्रवार उगवणार. ती वाण्याकडे कमी घेणार आणि वाणी हमालाला कमी करणार. १९२९ नंतरच्या महामंदीत केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हेच पाहिले. एकाची काटकसर हा गुण असतो. पण सगळ्यांनी एकदम हात आखडला, तर सगळ्यांचीच मिळकत बुडते. म्हणून अशा वेळी सरकारने काम काढावे, हे त्याने १९३६ सालच्या ग्रंथात मांडले. आम्ही काही सरकार नव्हतो. तरी मोलकरणीचे काम निम्म्यावर आणले, बंद केले नाही. हॉटेल, सिनेमा आणि नवे पडदे मात्र बंद केले.

सरकारने काम काढावे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही, हे आपण शहरातली माणसे विसरतो. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडून जगली. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क ठरला. पैसा कोठून आला? आपल्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा दोनशे रुपयांच्या आसपास जो आकडा वजा होतो ना, तो १९७५ साली मुख्यतः याच योजनेसाठी बसवला. शहरातल्या नोकरदाराने आपल्या पगारातून खेड्यातल्या बेकाराला काम द्यावे, असा तो करार होता. मी त्या आकड्याकडे पूर्वी कपाळाला आठी घालूनच पाहत असे. आता तसे होत नाही. कामावाचून बसलेल्या माणसासाठी आपण काहीतरी देणे लागतो, हे मान्य करणारा पगारपत्रकातला तो एकच रकाना आहे.

खेड्यातल्या माणसाला काम मागण्याचा हक्क लाभला; शहरातल्या माणसाला तो नाही. त्याला आहेत ते ओळखीचे लोक. २०२० च्या टाळेबंदीत हे पुन्हा दिसले: मामा १९८२ साली गावी गेला त्याच वाटेने माणसे निघाली, ती तर पायी. आणि मध्यमवर्गीय घरांत माणसे दार लावून, पहिल्यासारखेच चालले आहे असे दाखवत बसली.

या दिवाळीतही तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरी असा माणूस असेल. फराळाला तो येणे टाळील. त्याला मुद्दाम बोलवा. आणि आल्यावर 'कुठे जमलं का?' एवढे मात्र विचारू नका. तो प्रश्न त्याने दिवसातून दहादा स्वतःला विचारलेला असतो. विचारायचेच असेल, तर असे विचारा: "माझ्या माहितीत अमुक एक काम आहे, लहानच आहे, सोमवारी जाऊन बघाल का?" आणि तसे काम माहीत नसेल, तर चकलीचे ताट पुढे करण्यापूर्वी दोन ठिकाणी फोन करून ते माहीत करून घ्या.