शिवकालात बदली

'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' (२००९) हा आमच्या घरचा लाडका सिनेमा. त्यातला दिनकर भोसले, म्हणजे सचिन खेडेकर, माझ्यासारखाच बँकेतला. त्याच्यासाठी खुद्द महाराज शिवकालातून आजच्या मुंबईत येतात! पण उलटी बदली झाली तर?

"तुम्हांला खजिन्यात ठेवतील हो," इति सौ.

खजिन्यात! तिथला हिशेब होन-शिवराईंत, तोही मोडीत. आमचं बी.कॉम. दाखवायचं कुणाला? रायगड लांबच राहिला. हेदवीच्या घरात माळ्यावर पणजोबांची मोडी कागदांची पेटी आहे. ते कागद येण्याचे की देण्याचे, घरात कुणालाच वाचता येत नाही. आई मात्र दर दसऱ्याला त्यांवर फूल वाहते. सावकाराचा कर्जरोखा निघालाच, तर एवढ्या भक्तिभावाने तो आमच्या बँकेतही कुणी जपलेला नाही.